नवा गुडघा, जुनी घाई



अलीकडे आपल्या माण तालुक्यातही कानावर येतं, "अमकीनं गुडघा बदलला." आणि मागोमाग दबक्या आवाजात दुसरं वाक्य येतं, "ऑपरेशन बरं झालं गं, पण तो व्यायाम नको वाटतो. रडवतात अगदी." आज या रडण्याविषयीच बोलायचं आहे. हा व्यायाम आला कुठून, त्याचा एवढा धाक का घालतात, आणि आपण कुठं 'हो' म्हणायचं, कुठं 'थांबा' म्हणायचं? हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

सुरुवात आपल्याच गुडघ्यापासून करू. १९७२ च्या दुष्काळात ज्या बाया वीस-पंचवीस वर्षांच्या होत्या, त्या आज सत्तरी ओलांडून गेल्या. दुष्काळी कामावर त्यांनी उकिडवं बसून खडी फोडली, पाट्यांनी माती वाहिली, सुकडी खाऊन दिवस काढले. पुढं खुरपणी, काढणी, डोक्यावर हंडे. वय, वजन, वर्षानुवर्षं उकिडवं बसणं आणि ओझं वाहणं, या सगळ्यानं गुडघ्यातली गादी झिजते. मग हाडावर हाड घासतं. म्हणजे हे दुखणं काही आळसाचं नाही, बरंचसं कष्टाचं आहे. ही गोष्ट आधी मनात पक्की करा.

गुडघा बदलायची कल्पना तशी जुनी. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लिस ग्लुक नावाच्या डॉक्टरांनी हस्तिदंताचा बिजागरीसारखा सांधा बसवून पाहिला. तेव्हा जंतुसंसर्ग रोखायची औषधं नव्हती, त्यामुळं ते सांधे टिकले नाहीत. आजच्यासारखा गुडघा १९७४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात पहिल्यांदा बसवला गेला. मांडीच्या हाडाला धातूची टोपी आणि नडगीच्या हाडावर टणक प्लास्टिकची बैठक, अशी त्याची रचना. तो घडवणाऱ्यांत आपले चित्तरंजन राणावत होते. मध्य प्रदेशात जन्मलेला आणि इंदूरला डॉक्टर झालेला हा माणूस.

आता व्यायामाकडे येऊ. शंभर वर्षांपूर्वी डॉक्टर सांगायचे, "हलू नका." दुखऱ्या हातापायाला फळ्या बांधून ठेवायचे. ऑस्ट्रेलियात एलिझाबेथ केनी नावाची एक परिचारिका होती. १९११ च्या सुमारास खेड्यापाड्यांत काम करताना तिनं पोलिओच्या मुलांना वेगळे उपचार दिले. लोकरीचं कापड गरम पाण्यात बुडवून, पिळून ती शेक द्यायची आणि मग हळूहळू हातपाय हलवायची. मोठ्या डॉक्टरांनी तिला बरीच वर्षं मानलं नाही. १९४० मध्ये ती अमेरिकेत गेली, तेव्हा कुठं लोकांचं मत पालटू लागलं.

आपल्याकडे फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. त्या आईनं १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी दवाखानाच सुरू केला. पुढं १९५० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. आपण हिला 'मशीनचा शेक' म्हणतो, पण ही विद्या अशी आजारी लेकरांच्या पायापाशी बसून वाढली. तिचा मूळ धडा एवढाच: सांधा पडून राहिला की आखडतो, म्हणून हलवायचा. पण केनीबाईंनी आधी शेक दिला होता, मग हालचाल. हा क्रम पुढच्या घाईत कधीकधी विसरला जातो.

गुडघ्याच्या बाबतीत ही घाई उगाच नाही. ऑपरेशननंतर आतली जखम भरताना तिथं चिवट पेशी जमतात. पहिल्या सहा ते बारा आठवड्यांत गुडघा वाकवला आणि सरळ केला नाही, तर तो तसाच आखडून बसतो. कधी पुन्हा भूल देऊन वाकवावा लागतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट मागं लागतात, अंश मोजतात. खुर्चीवर नीट बसायला साधारण नव्वद अंश लागतात, खालच्या आसनावरून उठायला त्याहून जास्त. तेव्हा व्यायाम टाळू नका. दुखतं म्हणून उशी गुडघ्याखाली घेऊन पडून राहू नका. पाय सरळ होणं हे वाकण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

पण धाक आणि उपचार यांत फरक आहे. आपल्यावर धाक दोन बाजूंनी येतो. एकीकडून 'वाकवा, वाकवा', तर दुसरीकडून घरचे आणि शेजारीण. "तिनं तर महिन्यात भाकरी थापली. तू अजून काठी धरूनच?" इथं मला अटलबिहारी वाजपेयींची आठवण येते. पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचे दोन्ही गुडघे बदलले. ऑक्टोबर २००० मध्ये डावा, जून २००१ मध्ये उजवा. शस्त्रक्रियेला हेच डॉ. राणावत आले होते. दुसऱ्या ऑपरेशननंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, जुलैमध्ये, ते आग्र्याला पाकिस्तानच्या मुशर्रफांशी बोलणी करायला बसले. पण टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलं, की त्यांची चाल पुढंही सावकाशच राहिली. देशातले उत्तम डॉक्टर दिमतीला असून शरीरानं आपला वेळ घेतला. मग आपल्या बाईनं महिन्यात पाण्याचा हंडा का उचलावा? रोजची कामं जमायला बहुतेकींना सहा आठवडे ते तीन महिने लागतात. पूर्ण बरं वाटायला वर्षही लागतं.

आता कामाच्या गोष्टी ऐका.

डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी व्यायामाआधी कधी घ्यायची, ते विचारून घ्या. गोळी न घेता सोसण्यात मोठेपणा नाही. एकदम तासभर करण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं करा: पाऊल वर-खाली हलवणं, टाच गादीवरून मागं घसरवणं, पाय सरळ ठेवून गुडघा खाली दाबणं. व्यायामात ताण बसेल, दुखेलही. तासा-दोन तासांत उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली, तर व्यायाम बंद नाही करायचा, कमी करायचा, आणि फिजिओला सांगायचं.

झटका देऊन वाकवणं घरच्या कुणी करायचं नाही, प्रेमानंही नाही. फिजिओलाही स्पष्ट म्हणा, "ताई, थांबा. श्वास घेऊ द्या, मग मीच वाकवते." चांगली फिजिओ थांबते. ती रागावत नाही.

पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी धाप लागली, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, तर व्यायामाचा विचार सोडून लगेच डॉक्टर गाठा.

घरात आधी सोय करा. पलंग किंवा उंच खाट, संडासात कमोडची खुर्ची, भाकरी उभ्यानं ओट्यावर. खर्चाचंही बोलू. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. दीड लाखाच्या वर विकला जाणारा नेहमीचा सांधा तेव्हा ५४,७२० रुपयांवर आला, कर वेगळा. म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. शासनाच्या योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. आणि फिजिओच्या फेऱ्या, गाडीभाडं धरून पैसे बाजूला ठेवा. ऑपरेशनला पैसे जमवतो आणि व्यायामाला उरत नाहीत, असं होऊ देऊ नका.

शेवटचं, आपल्या गटासाठी. गुडघा बदललेल्या बाईला पुन्हा मांडी घालून बसता येईलच असं नाही. तसं बसू नका, असंच बहुतेक डॉक्टर सांगतात. म्हणून ती मीटिंगला यायची टाळते. सगळ्या सतरंजीवर, आपण एकटी खुर्चीवर, तिला लाज वाटते. पुढच्या मीटिंगला तिच्यासाठी खुर्ची आधीच मांडून ठेवा. जमलं तर चार खुर्च्या मांडा. "किती वाकतो गं?" असं विचारू नका. "आज दुखतंय का?" एवढं विचारा. दुष्काळात जिनं खडी फोडली, तिला वर्षभर सावकाश चालायचा हक्क आहे.