साथीत वाढलेलं वजन

१९१८ च्या इन्फ्लुएन्झात पावसानेही दगा दिला होता. धान्य महागलं, पोरं वाळली. २०२० मध्ये उलटं झालं. बऱ्याच पोरांची वजनं वाढली.

मार्चमध्ये सांगली जिल्ह्यात इस्लामपुरात रुग्ण सापडले. तोवर सातारा-सांगलीसकट राज्यभर शाळा बंद होत होत्या. पुढे खिचडीऐवजी कोरडा तांदूळ अन् डाळी-कडधान्य मिळालं. पण मैदान, पीटीचा तास, पायी शाळेत जाणं पिशवीत भरून देता येत नाही. त्याऐवजी मोबाइल आला. मी दिवसभर लॅपटॉपपुढे बसतो, बसण्याचं वजन मला ठाऊक आहे.

राज्यात गावाकडची पहिली ते चौथी थेट १ डिसेंबर २०२१ ला भरली. वीस महिने! म्हणून पोराला 'खादाड' म्हणण्याआधी हा हिशोब आठवा.