फुप्फुसाचा फोटो आणि कामगाराचा श्वास

करंजाड्याच्या या सभेत आम्ही वैद्यकावर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेपेक्षा कारखान्याच्या फाटकावर अधिक झाले. पण ज्याच्या सभासदांना धाप लागते, त्याला छातीचा इतिहास शिकावाच लागतो.

आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. सोमवारी कामावर गेले की त्यांची छाती आवळे. पुढे आठवडाभर हळूहळू उतार पडे. एका दवाखान्यात फोटो काढला, तो स्वच्छ निघाला, आणि ‘दुखणे नाही’ असा शेरा मिळाला. तो शेरा घेऊन ते पुन्हा त्याच धुळीत गेले.

दोष फोटोचा नव्हता. फोटोकडे भलतेच मागणाऱ्याचा होता. रंटगेन यांनी 1895 साली क्ष-किरण शोधले. क्षयाचा डाग त्यात दिसे, पण कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची स्वतंत्र अशी खूण त्यात उमटत नाही. म्हणून इंग्लंडात रिचर्ड शिलिंग यांनी 1950 नंतरच्या दशकात कामगाराला सोमवारचाच प्रश्न विचारून रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत यांनीही गिरणी कामगारांच्या छातीचा अभ्यास केला.

पुढे 1971 साली लंडनात हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचे पहिले सी.टी. चित्र घेतले. त्यांच्या मापात पाणी शून्य आणि हवा उणे 1000. पुढे हे यंत्र छातीवर आले, तेव्हा सी.ओ.पी.डी.च्या रुग्णाचे फुप्फुस कोठे व किती पोकळ झाले, हे अंकांत मोजता येऊ लागले.

मोजून काय साधले? फुप्फुसाचा निकामी भाग कापून टाकण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत 1218 रुग्णांवर पारखण्यात आली. ज्यांचा श्वास अत्यंत क्षीण होता आणि त्यातच चित्रात नाश सर्वत्र सारखा पसरलेला होता किंवा वायूंची देवघेव फार मंदावली होती, अशा 69 जणांपैकी 16 टक्के शस्त्रक्रियेनंतर 30 दिवसांत दगावले; हे 2001 साली प्रसिद्ध झाले. उलट ज्यांचा नाश मुख्यतः वरच्या भागात होता आणि चालण्या-फिरण्याची ताकद कमी होती, त्यांचे आयुष्य वाढले. हे 2003 साली कळले. रोगाचे नाव एकच, पण उपाय एकाला तारक, दुसऱ्याला मारक! आज श्वासनळीत झडप बसवितानाही फुप्फुसाच्या दोन खंडांमधली फट पुरती आहे की नाही, हे आधी चित्रातच पाहतात.

यातून आम्ही एवढेच शिकलो: चित्र हा निवाडा नव्हे, ती साक्ष आहे. पनवेल-उरणकडच्या खाणींत व क्रशरवर राबणाऱ्या माणसाचा फोटो अवश्य काढा. पण त्याच कागदावर त्याने कोणती धूळ किती वर्षे गिळली, हेही लिहा. आमच्या वडिलांना तो प्रश्न कोणी विचारला नाही. पुढच्याला तरी विचारला जावा.