जिन्याखालची पोती : प्रातोच्या व्यापाऱ्याचे दप्तर

१/ इ.स. १८७०. इटलीतील प्रातो या गावी एका जुन्या वाड्यात, जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेतून पोती बाहेर निघाली. आत सोनेनाणे नव्हते, कागद होते. काही उंदरांनी आणि किड्यांनी कुरतडलेले, पण बहुतेक शाबूत. ते साडेचारशे वर्षांहून अधिक जुने होते.

२/ वाड्याचा मूळ मालक फ्रान्चेस्को दातीनी. जन्म १३३५च्या सुमारास. १३४८च्या प्लेगने त्याचे आईवडील हिरावले. पुढे दोनेक वर्षांत हा पोरका मुलगा पोपचे वास्तव्य असलेल्या आव्हिन्यों नगरात गेला आणि शस्त्रे व चिलखतांच्या व्यापारात नावारूपाला आला.

३/ १३८३च्या सुमारास तो गावी परतला. नंतर पिसा, फ्लॉरेन्स, जिनोआ, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया आणि मायोर्का येथे त्याच्या पेढ्या उभ्या राहिल्या. लोकर, कापड, मीठ, मसाले अशा नाना मालाची उलाढाल होई. मालक एकीकडे आणि माल समुद्रावर, असा हा कारभार केवळ पत्रांवर चाले.

४/ पेढीच्या कागदांचे दोन प्रकार. खतावणीत प्रत्येक रकमेला ठरलेला रकाना असतो. पत्राला रकाना नसतो. भाव, वादळ, चाच्यांची भीती, भागीदाराचे आजारपण, मालकाचे रागावणे, सारे एकाच कागदावर. असे कागद सांभाळणे सर्वांत अवघड.

५/ त्यावर त्या काळच्या व्यापाऱ्यांनी साधे उपाय शोधले होते. पत्र आले की त्याच्या पाठीवर कोठून आणि कोणत्या तारखेस आले, हे लिहायचे. मग ती पत्रे दोऱ्यात ओवून ठेवायची. महत्त्वाच्या पत्राच्या प्रती निरनिराळ्या मार्गांनी धाडायच्या, म्हणजे एक जहाज बुडाले तरी मजकूर पोहोचे.

६/ दातीनी याहून पुढे गेला. एकही पत्र टाकू नये, अशी त्याची पेढ्यांना ताकीद होती. सर्व कागद प्रातोच्या वाड्यात एकत्र आणून जतन करावेत, असे त्याने मृत्युपत्रातही नमूद केले. आज आव्हिन्योंपासून मायोर्कापर्यंतच्या वह्या एकाच छपराखाली सापडतात, त्यामागे हा आग्रह आहे.

७/ १४१० मध्ये तो वारला. औरस वारस नव्हता. वाडा व संपत्ती त्याने प्रातोच्या गरिबांसाठी स्थापलेल्या धर्मादाय संस्थेला दिली. वारसांत वाटणी झाली असती, तर दप्तरही फुटले असते. येथे मालमत्ता एकसंध राहिली आणि कागदही.

८/ मात्र जपणूक झाली तरी मांडणी राहून गेली. कागद होते, पण कोणत्या पोत्यात काय, हे ठाऊक असलेले कारकून काळाआड गेले होते. शतकानुशतके हा ठेवा असून नसल्यासारखा होता.

९/ १८७० नंतर मोजदाद झाली : सुमारे १,५०,००० पत्रे, ५०० हून अधिक हिशेबवह्या, सुमारे ३०० भागीदारीचे करार, ४०० विमापत्रे आणि हजारो हुंड्या, धनादेश व मालाच्या पावत्या. फेदेरिगो मेलिस या अभ्यासकाने विसाव्या शतकात हे दप्तर पिंजून काढले आणि १९६२ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

१०/ याच दप्तरात दातीनीची पत्नी मार्गेरीता हिची पत्रेही आहेत. प्रथम ती लेखनिकाला मजकूर सांगे, प्रौढ वयात स्वतः लिहू लागली. धनिकाला खडे बोल सुनावणारा तिचा आवाज कोणत्याही खतावणीत उतरला नसता.

११/ किती पैसे आले नि गेले, हे वह्या सांगतात. ते का आले, का बुडाले आणि त्या रात्री कोणाला झोप लागली नाही, हे पत्रे सांगतात. दातीनीने दोन्ही राखले.

१२/ त्याच वाड्यात आज प्रातोचे शासकीय अभिलेखागार आहे. पत्रांच्या डिजिटल प्रतिमाही तयार झाल्या आहेत. दोऱ्यात ओवलेली पाने आता पडद्यावर उलगडतात, पाठीवरच्या तारखेसह.