एअर फ्लो सेन्सर: बदलण्याआधी तपासा



डॅशबोर्डवर 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागला की घरात काय वातावरण होते ते आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आमच्या जुन्या गाडीचा दिवा लागला तेव्हा सिग्नलला इंजिन थरथरायचे आणि एकदा तर फ्रीवेच्या एक्झिटवर, मागे भला मोठा ट्रक असताना, गाडी बंदच पडली. मागच्या सीटवर मुले होती. गॅरेजवाल्याने कोड वाचून 'मास एअर फ्लो सेन्सर गेला' म्हणून सांगितले, आम्ही मुकाट्याने पैसे मोजले. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा हजर! खरा दोष निघाला एका रबरी नळीच्या चिरेत.

हा सेन्सर एअर फिल्टरचा डबा आणि थ्रॉटल यांच्या मधल्या नळीवर बसवलेला असतो. आत केसासारखी बारीक, तापवलेली तार किंवा पातळ फिल्म असते. वाहत्या हवेने ती थंड होते. तिचे तापमान टिकवायला किती वीज लागली यावरून गाडीचा संगणक आत शिरलेल्या हवेचे वजन ओळखतो आणि त्या हिशेबाने पेट्रोल (इथल्या भाषेत गॅस!) सोडतो. तारेवर धूळ किंवा तेलाचा थर बसला की हवा कमी मोजली जाते, पेट्रोल कमी पडते आणि चढावर गाडी धापा टाकते. मात्र सगळ्याच गाड्यांत हा सेन्सर नसतो. बऱ्याच जुन्या होंडा गाड्या मॅनिफोल्डमधल्या दाबावरून काम भागवतात, तेव्हा आधी मॅन्युअल पाहावे.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सर्व मोटारींना स्टीअरिंगखाली ओबीडी-२ चे सॉकेट असते. साधा कोड रीडर घरी असलेला बरा. पी०१०० ते पी०१०४ हे कोड सेन्सरचे किंवा त्याच्या वायरिंगचे. पी०१७१ आणि पी०१७४ एवढेच सांगतात की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. कोड म्हणजे ताप. आजार कुठला ते आपण शोधायचे.

रीडर 'फ्युएल ट्रिम' दाखवत असेल तर निम्मे काम झाले. इंजिन गरम करून गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक लावून उभी ठेवा. ट्रिम आयडलिंगला जास्त (दहा टक्क्यांच्या बरेच वर) आणि २५०० आरपीएमला जवळपास ठीक असेल, तर कुठून तरी चोरून हवा शिरते आहे असे समजा. उलट आयडलिंगला ठीक आणि वेग वाढवला की वाढत जात असेल, तर संशय सेन्सरवर. अर्थात फ्युएल पंप किंवा त्याचा फिल्टर थकला असला तरी असेच दिसते, हे लक्षात असू द्या.

मग हूड उघडून सेन्सरपासून थ्रॉटलपर्यंतची नळी हाताने वाकवून बघा. चिरा घड्यांमध्ये लपलेल्या असतात, नुसत्या नजरेला दिसत नाहीत. आम्ही हे पाच मिनिटांचे काम केले असते तर! कनेक्टर सैल नाही ना, पिनांवर गंज नाही ना, तेही पाहावे. आणखी एक जुनी युक्ती म्हणजे किल्ली बंद करून सेन्सरचा प्लग काढायचा आणि गाडी सुरू करायची. संगणक अंदाजाने काम चालवतो. गाडी आधीपेक्षा बरी चालली तर सेन्सर खोटे बोलत होता असे धरायला हरकत नाही. दिवा मात्र लागेल, घाबरू नका.

बदलण्याआधी सेन्सर धुऊन बघाच. यासाठीचा खास मास एअर फ्लो क्लीनरचा स्प्रे मिळतो, तोच वापरा. ब्रेक क्लीनर, कार्ब्युरेटर क्लीनर चालत नाही. तारेला बोट, कापूस, ब्रश काही लावू नका, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. तेल लावलेला 'परफॉर्मन्स' फिल्टर वापरणाऱ्यांना हे काम वारंवार करावे लागते.

नवीन घ्यायचाच झाला तर अगदी स्वस्तातला घेऊ नये. त्यांची मापे पुष्कळदा चुकतात. आणि स्मॉग टेस्टच्या आदल्या दिवशी कोड पुसू नका. पुसल्यावर गाडीच्या अंतर्गत चाचण्या नव्याने सुरू होतात, त्या पुऱ्या व्हायला काही दिवस नेहमीसारखी गाडी चालवावी लागते, आणि तोवर तपासणीत गाडी परत पाठवली जाते.