मेलेल्या राणीचं चालतं नाणं

परदेशी जाताना कोणतं चलन बरोबर न्यावं? आज आपण दर पाहून हे ठरवतो. १८६७ साली हाच प्रश्न मुंबई इलाख्याचा सेनापती रॉबर्ट नेपियर याच्यापुढे होता.

अ‍ॅबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, तेवोद्रोस या सम्राटानं ब्रिटिश वाणिज्यदूत आणि काही युरोपीय लोकांना कैदेत टाकलं होतं. त्यांना सोडवायला नेपियरची सुमारे १३ हजारांची फौज निघाली. तोफा ओढायला ४४ हत्तीसुद्धा होते. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यापासून मग्दलाच्या किल्ल्यापर्यंत सहाशेहून अधिक किलोमीटरचा डोंगराळ रस्ता. धान्य, वैरण, खेचरं वाटेत विकत घ्यायची. पण तिथल्या शेतकऱ्याला ब्रिटिशांचा पाउंड नको होता. त्याला हवा होता ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीचा चांदीचा थालर.

गंमत म्हणजे ही राणी १७८० सालीच वारली होती. तांबड्या समुद्राच्या व्यापारात तिचं नाणं इतकं रुळलं होतं, की टाकसाळी १७८० हेच साल घालून ते पुढेही पाडत राहिल्या.

एवढा विश्वास कशामुळे? नाणं नीट पाहिलं की कारणं दिसतात. वजन सुमारे २८ ग्रॅम, त्यात हजारी ८३३ भाग चांदी, बाकी तांबं. शुद्ध चांदी मऊ असते. तांब्यामुळे ती कठीण होते आणि कमी झिजते. काठावर अक्षरं कोरलेली, त्यामुळे कुणी कड कापून चांदी चोरली तर लगेच कळावं. राणीच्या दागिन्यांतले मोती ठसठशीत उठलेले. वाचता न येणारा माणूसही ते मोती तपासून नाणं घ्यायचं की परत करायचं, हे ठरवी. तराजू नसलेल्या बाजारातली ही परीक्षाच होती.

अखेर जगातल्या सर्वांत बलाढ्य साम्राज्याला व्हिएन्नाच्या टाकसाळीकडून थालर मागवावे लागले. १३ एप्रिल १८६८ रोजी मग्दला पडलं.

१९३५ साली इथिओपियावर चाल करताना मुसोलिनीनं ऑस्ट्रियाकडून या नाण्याचे ठसे मिळवले आणि रोममध्ये थालर पाडले. मग लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स इथल्या टाकसाळींनीही तेच केलं. १९४०-४१ साली तर ते चक्क मुंबईच्या टाकसाळीत पाडले गेले! तेही १७८० साल घालूनच.

वर्गात मुलांच्या हाती निरनिराळी नाणी देऊन आपण त्यांच्या कडा बोटांनी चाचपायला सांगू या. कोणत्या कडेवर खाचा आहेत, कोणती गुळगुळीत आहे? आणि मग विचारू या : या नाण्यात चांदी नाही, तरी दुकानदार ते का घेतो? परदेशातला दुकानदार का घेत नाही?