सुईचं भोक आणि इब्न अल-हैसमचा अंधारा कमरा

बहिणीचा धाकटा मुलगा सातवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याला पिनहोल कॅमेरा करायचा होता. तक्ता मात्र त्याने आधीच रंगवून ठेवला होता. वर हिरव्या स्केचपेनने ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कॅमेऱ्याचा शोध मुसलमानाने लावला.' खाली इब्न अल-हैसमचं दाढी-पगडीतलं काल्पनिक चित्र. मजकूर सगळा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून घेतलेला. कॅमेरा हा शब्दही अरबी 'कुमरा'वरून आला, असं त्यात होतं.

मी म्हटलं, "यातलं निम्मं खरं नाही."

त्याचा चेहरा उतरला. जरा वेळाने म्हणाला, "मामू, वर्गात एकाने विचारलं, तुमच्या लोकांनी काय शोधलं? मग मी काय सांगू?"

प्रश्न कॅमेऱ्याचा नव्हताच तर. बारा वर्षांच्या पोराला वर्गात मान वर करून बसायचं होतं आणि त्यासाठी हाताला लागलं ते त्याने उचललं. हे आपण मोठी माणसंही करतो. म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो.

आधी खरं काय ते पाहू. अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम इ.स. ९६५च्या सुमारास बसऱ्यात जन्मला आणि १०४०च्या सुमारास कैरोत वारला. प्रकाश आणि दृष्टी यांवर त्याने 'किताब अल-मनाझिर' हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात म्हणून आपल्याला दिसतं, असं युक्लिड आणि टॉलेमी मानत. इब्न अल-हैसमने ते नाकारलं. प्रकाश वस्तूवरून निघून डोळ्यात येतो आणि वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून तो सगळ्या दिशांना सरळ रेषेत जातो, असं त्याने मांडलं.

नुसतं मांडून तो थांबला नाही. त्याचा एक प्रयोग कुणालाही घरात करता येईल. अंधाऱ्या जागेच्या तोंडाशी एक भोक ठेवायचं आणि भोकाच्या बाहेर वेगवेगळ्या ठिकाणी दिवे लावायचे. जितके दिवे, तितके प्रकाशाचे ठिपके आतल्या भिंतीवर दिसतात. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जातो, बाकीचे जागेवर राहतात. झाकण काढलं की तो परत येतो. सगळ्या दिव्यांचा प्रकाश त्या एवढ्याशा भोकातून एकाच वेळी जातो, तरी एकमेकांत मिसळत नाही. पिनहोल कॅमेऱ्याचं सगळं इंगित यात आहे. झाडाच्या शेंड्याचा प्रकाश भोकातून सरळ खाली जातो, बुंध्याचा सरळ वर जातो, आणि आत झाड उलटं उभं राहतं.

त्याचा दुसरा, छोटा प्रबंध ग्रहणाच्या आकृतीवर आहे. नाव 'मकाला फी सूरत अल-कुसूफ'. सूर्याला खंडग्रास ग्रहण लागलेलं असताना बारीक भोकातून आलेला प्रकाश कोरीसारखा का दिसतो आणि भोक मोठं केलं की तो आकार का हरवतो, हा त्यातला प्रश्न. उत्तर असं की भोकाचा प्रत्येक बिंदू आपापली एक कोर भिंतीवर पाडतो. भोक लहान असेल तर या कोरी जवळजवळ एकमेकींवर बसतात. मोठं असेल तर त्या पसरून एकमेकींत मिसळतात आणि शेवटी भोकाचाच आकार उरतो. भोकाचा आकार आणि भिंतीचं अंतर यांचं प्रमाण लावून त्याने हे भूमितीने सिद्ध केलं.

आता खोटं काय ते. भोकातून पडणारी उलटी प्रतिमा त्याच्या कितीतरी आधी माणसाच्या नजरेला आली होती. चीनमध्ये मोझीच्या परंपरेतल्या ग्रंथात तिचा उल्लेख इसवी सनापूर्वीचा आहे. ग्रहणात झाडाच्या पानांमधून जमिनीवर कोरी का पडतात, हा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या ग्रंथातही विचारलेला आहे. आपल्याकडे हंपीला विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली आतल्या भिंतीवर पडते, ती अनेकांनी पाहिली असेल. भोक कुणाच्या मालकीचं नसतं.

शिवाय इब्न अल-हैसमने चित्र टिपणारं यंत्र केलेलं नाही. डोळ्याच्या आत प्रतिमा उलटी पडते, हेही त्याने मान्य केलं नव्हतं. ते योहानेस केप्लरने १६०४ साली दाखवलं. पण केप्लर तिथवर आला तो याच वाटेने. 'अल-मनाझिर'चं लॅटिन भाषांतर १२००च्या सुमारास झालं, विटेलोने त्यावर आपला ग्रंथ रचला आणि केप्लरच्या पुस्तकाच्या नावातच विटेलो आहे. इकडे पूर्वेला कमालुद्दीन अल-फारसीने 'अल-मनाझिर'वर भाष्य लिहिलं आणि पाण्याने भरलेला काचेचा गोल अंधाऱ्या खोलीत ठेवून इंद्रधनुष्याचं कोडं सोडवलं.

उरला शब्द. कॅमेरा हा लॅटिन शब्द, अर्थ कमानीच्या छताची खोली. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, हे नाव केप्लरने रूढ केलं. अरबीत अशा खोलीला 'अल-बैत अल-मुज्लिम' म्हणतात. त्यात कुमरा कुठे नाही. गंमत अशी की आपण घरात दख्खनी बोलताना 'कमरे में जा' म्हणतो, तो कमरा पोर्तुगिजांकडून आला आणि त्याचं मूळही तेच लॅटिन. म्हणजे कॅमेरा आणि कमरा सख्खे भाऊ निघाले, पण बाप अरब नव्हे.

हे ऐकून पोरगा म्हणाला, "मग तक्ता फाडू?" मी म्हटलं, आधी कॅमेरा तर करू.

दूधपावडरीचा पत्र्याचा डबा घेतला, व्यास दहा सेंटिमीटर. आतून बिनचकाकीचा काळा रंग दिला. बाजूला खिळ्याने मोठं भोक पाडलं. थंड पेयाच्या कॅनमधून अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा कापला, पुठ्ठ्यावर ठेवून सुईचं नुसतं टोक दाबलं, मागे आलेला फुगवटा बारीक पॉलिश पेपरवर घासला आणि पुन्हा टोक फिरवलं. भोक गोल आणि कडा स्वच्छ हवी. तो पत्रा डब्याच्या भोकावर आतून चिकटवला. वरून काळी चिकटपट्टी लावली, तेच शटर.

भोक केवढं हवं याचा हिशेब आहे. 'पिन-होल' हा शब्द या अर्थाने डेव्हिड ब्रूस्टरच्या १८५६च्या पुस्तकात आहे. लॉर्ड रॅले यांनी १८९१ साली पिनहोल छायाचित्रणावर निबंध लिहून योग्य व्यासाचं गणित मांडलं. भोक मोठं असेल तर चित्र पुसट होतं, हे इब्न अल-हैसमला ठाऊक होतं. फार लहान केलं तर प्रकाश कडेला वळून पसरतो आणि चित्र पुन्हा पुसट होतं, हे पुढच्या काळात कळलं. दहा सेंटिमीटर अंतराला साधारण ०.४५ मिलिमीटरचं भोक नेमकं बसतं. म्हणजे एफ २२० च्या आसपास. शंभर आयएसओच्या फिल्मला कडक उन्हात दोन सेकंद पुरेत असं गणित येतं, पण इतक्या मंद प्रकाशात फिल्म सुस्तावते म्हणून तीन-चार द्यावे लागतात. आम्ही सुरुवात फोटोपेपरवर केली. तो फिल्मपेक्षा बराच मंद, म्हणून त्याला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. त्याचा फायदा असा की तो लाल दिव्यात हाताळता येतो. फिल्मला पूर्ण काळोखच लागतो.

पहिला कागद डेव्हलपरमध्ये टाकला तो पुरता काळाठिक्कर झाला. डब्याचं झाकण प्लॅस्टिकचं होतं आणि त्यातून उजेड झिरपत होता. झाकणावर काळा कागद आणि पट्टी लावली. दुसरा कागद जवळजवळ कोराच राहिला, वेळ कमी पडली. तिसऱ्यांदा चाळीस सेकंद मोजले. लाल उजेडात ट्रेमध्ये हळूहळू आमच्या घराचं दार उमटलं. काळं आभाळ, पांढरी सावली. पोरगा ट्रेवरून उठेना.

ते दार माझ्या नानीचं. १६ फेब्रुवारी १९८० ला सूर्यग्रहण होतं. हुबळी-रायचूरच्या पट्ट्यात खग्रास, आमच्याकडे खंडग्रास. दुपारी गल्ली ओस पडलेली. आम्हा पोरांना कोंडून घातलेलं, दारं-खिडक्या बंद. नानी मुसल्ला अंथरून ग्रहणाची नमाज पढत होती. पश्चिमेच्या दारात गाठ निघून गेलेलं एक भोक होतं. एरवी त्यातून समोरच्या भिंतीवर उजेडाची गोल टिकली पडायची. त्या दिवशी ती टिकली कोरीसारखी झाली. मी ओरडलो. नानीने सलाम फेरला, वळून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, ईद का चाँद दोपहर को?" आणि हसली.

त्या नमाजचं नाव सलातुल-कुसूफ. इब्न अल-हैसमच्या प्रबंधाच्या नावातला कुसूफ तोच. या नमाजमागे एक हदीस आहे. पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहिम वारला त्या दिवशी मदिनेत सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, पैगंबरांच्या दुःखाने सूर्यही काळवंडला. पैगंबरांनी लोकांना थांबवलं. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही, असं सांगितलं आणि नमाजला उभे राहायला सांगितलं. पोटचा पोर गेलेला असताना, स्वतःचा मान वाढवणारी गोष्ट लोक आपणहून बोलत असताना, त्यांनी ती खोडून काढली.

इब्न अल-हैसमही याच जातीचा. टॉलेमीबद्दलच्या शंकांवर त्याने एक स्वतंत्र पुस्तक लिहिलं. सत्य शोधणाऱ्याने थोरांच्या ग्रंथांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये आणि तपासताना स्वतःच्या मतालाही मोकळं सोडू नये, असं त्यात त्याचं सांगणं आहे. अशा माणसाच्या नावाने न तपासलेला मजकूर पुढे ढकलणं हा त्याचा मान नव्हे. आणि "तुमच्या लोकांनी काय शोधलं" असं विचारणाऱ्यालाही उत्तर यातच आहे. बसऱ्याच्या माणसाचं काम लॅटिनमध्ये गेलं, जर्मनाने पुढे नेलं, इंग्रजाने भोकाचं माप काढलं. यात 'आमचे लोक' कोण आणि 'तुमचे' कोण? दिव्यावर झाकण ठेवून ठिपका गेला का ते बघणारा प्रत्येक जण त्या लोकांतला.

हे सगळं पोराला एका बैठकीत पटलं असं नाही. दोन दिवस तो घुम्यासारखा होता. तिसऱ्या दिवशी त्याने तक्ता उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला नव्याने लिहिलं, 'इब्न अल-हैसमने कॅमेरा केला नाही. भोकातून चित्र उलटं का पडतं ते त्याने सिद्ध केलं. करून बघा.' तक्त्याखाली टेबलावर पुठ्ठ्याची काळी पेटी, एका बाजूला भोक, दुसऱ्या बाजूला बटरपेपर आणि समोर तीन मेणबत्त्या.

प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही. पण तो प्रश्न विचारणारा मुलगाही पेटीपाशी आला होता म्हणे. एकेक मेणबत्ती हाताने झाकून बराच वेळ बघत उभा होता. आता दोघांना मिळून काडेपेटीचा कॅमेरा करायचा आहे, रोलचा. काळी पट्टी किती लागेल असं विचारायला काल दोघेही घरी आले होते.