कुष्ठरोगाचा चट्टा : जंतूचा की आपला?

पोलादपूरच्या एका शाळेत आम्ही शिक्षकांशी बोलत होतो. महाडहून आलेल्या एका बाईंनी विचारले, "आमच्या वर्गातल्या मुलाला कुष्ठरोगाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्याचा चट्टा लाल होऊन सुजला. घरच्यांनी गोळ्या बंद केल्या. चुकले का त्यांचे?" चुकलेच, पण तसे वाटणे साहजिक होते. शास्त्रज्ञांनाही हे कोडे उलगडायला खूप वर्षे लागली.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की सातारा जिल्हा लागतो. १८६० च्या दशकात साताऱ्यात हेन्री व्हँडाइक कार्टर सिव्हिल सर्जन होते. 'ग्रेज अनॅटमी'तली चित्रे काढणारे ते हेच. कुष्ठरुग्णांचे जाड झालेले मज्जातंतू त्यांनी बारकाईने अभ्यासले होते. रोग आनुवंशिक आहे, असा तेव्हा बहुतेक डॉक्टरांचा समज. १८७३ साली नॉर्वेत हॅन्सेन यांना रुग्णांच्या गाठींत दंडाकृती जंतू दिसले. कार्टर यांनी नॉर्वेला जाऊन ते काम पाहिले आणि संसर्गाची बाजू घेतली.

जंतू सापडला, पण एक गोष्ट जुळेना. काही रुग्णांना एकदोनच बधिर चट्टे असतात आणि त्यांत जंतू शोधूनही सापडत नाहीत. काहींच्या अंगभर कोट्यवधी जंतू असतात. रोग एकच कसा? १९१९ साली जपानमध्ये मित्सुदा यांनी रुग्णाच्या गाठी उकळून त्यांचा अर्क त्वचेत टोचला. पहिल्या प्रकारच्या रुग्णांना तीनचार आठवड्यांनी तेथे गाठ आली, दुसऱ्यांना काहीच नाही. जंतू तोच, फरक शरीराच्या प्रतिकारात होता. १९६६ साली रिडले आणि जॉपलिंग यांनी सर्व रुग्णांना याच प्रतिकाराच्या चढत्या-उतरत्या पट्टीवर बसवले.

हा जंतू मोठा संथ. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. कुठलेही जालीम विष तो सोडत नाही. मज्जातंतूंभोवतीच्या श्वान पेशींत तो दडून राहतो. त्याला हुडकायला पांढऱ्या पेशी येतात, सूज चढते, आणि घट्ट वेष्टनातला मज्जातंतू चिरडला जातो. चोर धरायला आलेल्यांनी घरच मोडावे, तसे. चट्टा बधिर होतो तो बराचसा यामुळे.

मग प्रतिकार मुद्दाम जागवावा का? मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये १९५८ साली बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णाच्या गाठीतून एक जंतू वाढवला. तो कुष्ठरोगाचाच का, यावर पुष्कळ वाद झाला. तरी १९७९ साली त्यापासून लस तयार झाली. दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे या कामाची फारशी आठवण निघत नाही, याचे आम्हांला वाईट वाटते.

आता बाईंचा प्रश्न. उपचार चालू असताना, कधी आधी किंवा नंतरही, प्रतिकार एकाएकी उसळतो. त्याला 'रिअ‍ॅक्शन' म्हणतात. चट्टा सुजतो, कोपराजवळचा मज्जातंतू दुखतो, बोटांतली ताकद जाते. घरच्यांना वाटते, औषध बाधले. गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या आणि सूज आवरायला डॉक्टर प्रेडनिसोलोन देतात. उशीर झाला तर बोटे कायमची वाकडी होतात.

"मग केव्हा न्यायचे त्याला?" बाईंनी विचारले. आम्ही म्हणालो, "उद्या सकाळीच."